दोन फुटी प्लांटेड टाकीत मोठं ड्रिफ्टवूड: आधी लाकूड, मग काच

खोलपाणी (धागाकर्ता)

छोट्या प्लांटेड टाकीत (जिवंत पाणवनस्पतींच्या मत्स्यटाकीत) मोठं ड्रिफ्टवूड (पाण्यात ठेवायचं सजावटीचं वाळकं लाकूड) बसवायचं म्हटलं की बहुतेक जण आधी टाकी आणतात आणि मग तिच्यात मावेल असं लाकूड शोधत दुकानं पालथी घालतात. क्रम उलटा ठेवा. दोन फुटी टाकीत दीड फुटी लाकूड गेलं की पाणी कुठून फिरणार, सावली कुठे पडणार, वनस्पती कुठे लागणार आणि खरं पाणी किती उरणार, हे सगळं तेच ठरवतं. म्हणून आधी लाकूड. ते मनासारखं मिळालं की त्याच्या मापाने काच.

या धाग्यासाठी एक ठरावीक उदाहरण घेतो. लाकूड १८ इंच लांब, १२ इंच उंच, मुळांसारखं फांदलेलं. टाकी २४ × १२ × १५ इंच, काच ६ मिमी. कागदावर ही टाकी ७० लिटरची. पण ५ सेंमी माती, वरून २ सेंमी रिकामी जागा, लाकूड आणि दगड वजा केले की प्रत्यक्षात ५०–५२ लिटर पाणी बसतं. पहिल्यांदा भरताना बादल्या मोजा आणि तो आकडा टाकीच्या मागच्या काचेवर लिहून ठेवा. खत आणि औषध कायम त्याच आकड्यावर मोजायचं, ७० वर नाही. भरलेल्या टाकीचं वजन १०० किलोच्या आसपास जातं, त्यामुळे प्लायवूडचं लटपटतं टेबल नको. टाकीखाली थर्माकोल किंवा योगा मॅट हवीच.

लाकडाच्या जातीबद्दल थोडक्यात. मलेशियन म्हणून जे विकतात ते जड, गडद, बहुधा लगेच बुडणारं. मोपानीही बुडतं, पण महिनोनमहिने चहासारखा रंग सोडतं. स्पायडरवूड दिसायला सगळ्यात देखणं, बारीक फांद्यांचं, पण कोरडं असताना तरंगतं आणि पहिले काही आठवडे पांढरी बुरशी धरतं. आपल्या उदाहरणात स्पायडरवूड धरू, कारण अडचणी त्यातच जास्त येतात.

दुकानातून लाकूड आणलं की लगेच पाण्यात टाकू नका. टाकीच्या तळाएवढा, २४ × १२ इंचाचा पुठ्ठा कापा, त्यावर ते उभं करा आणि चार-पाच दिवस येता-जाता बघा. उलटं करून, आडवं करून, फिरवून बघा. एखादी फांदी नजरेला खुपत असेल तर आत्ताच कापा आणि कापलेला तुकडा जपून ठेवा, बुंध्याशी जोडायला कामी येतो. लाकडाचा जड भाग टाकीच्या बरोबर मध्यावर नको, एका बाजूला एक तृतीयांशावर घ्या.

अंतराचा नियम मात्र मोडू नका. लाकूड कुठल्याही बाजूला काचेपासून किमान दीड इंच लांब हवं. एक कारण, काच पुसायचा स्पंज आणि हात तिथून गेला पाहिजे. दुसरं, लाकूड पाणी पिऊन फुगतं. दोन काचांमध्ये ताणून बसवलेलं लाकूड फुगलं तर सिलिकॉनच्या सांध्यावर किंवा थेट काचेवर जोर येतो.

कौलारू

उत्तम धागा. दोन शंका. स्पायडरवूड महाग पडतं, तर नदीकाठचं किंवा बागेतल्या झाडाचं लाकूड चालेल का? आणि तरंगणारं लाकूड खाली धरायला घरात पडलेला शहाबादी फरशीचा तुकडा वापरू का?

सह्यकडा

शहाबादी अजिबात नको. शहाबाद आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड. आम्लधर्मी पाण्यात ते हळूहळू विरघळतात आणि पाण्याचा जडपणा आणि पीएच वर ढकलत राहतात. एकीकडे माती आणि लाकूड पीएच खाली ओढणार, दुसरीकडे फरशी वर, आणि टेस्टकिटचे आकडे बघून तुम्ही चक्रावणार. स्वयंपाकघराच्या ओट्याच्या ग्रॅनाइटचा तुकडा घ्या. ओटे कापणाऱ्याकडे ८ × १० इंचाचा सहज मिळतो.

दगडांचं म्हणाल तर आपला काळा बसाल्ट टाकीसाठी सुरक्षित आहे. फक्त त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक दिसले तर थांबा. सह्याद्रीतल्या बसाल्टमध्ये ते बरेचदा झिओलाइट असतात, पण कधी कॅल्साइटही असतं. त्यावर बाथरूम धुण्याच्या आम्लाचे दोन थेंब टाका (हातमोजे घालून, उघड्यावर). फसफसलं तर कॅल्साइट, तो दगड बाजूला. व्हिनेगरने ही परीक्षा नीट होत नाही, त्याचं आम्ल फार सौम्य.

लाकडाबद्दल: पेरूच्या पूर्ण वाळलेल्या, साल काढलेल्या फांद्या छान चालतात. ओलं लाकूड, चीक असलेलं (शेर, रुई), कण्हेरीसारखं विषारी आणि राळ असलेलं चीड-देवदार टाळा. समुद्रकाठचं लाकूड मिठाने भिजलेलं असतं, तेही नको. फर्निचरवाल्यांकडची शोभेची मुळं पॉलिश किंवा वाळवीचं औषध मारलेली असू शकतात. शंका असेल तर घेऊच नका, कारण कीटकनाशकाचा अंशही टाकीत पाळायची कोळंबी सहन करत नाही. राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून लाकूड उचलणं हा गुन्हा आहे, आणि खारफुटीला हात लावायचाच नाही.

खोलपाणी

सह्यकडा यांनी फरशीचं सांगितलं ते बरं झालं, तीच चूक सगळ्यात जास्त दिसते.

आता लाकूड खाली धरायचा हिशोब. मोठ्या टबमध्ये लाकूड तरंगत ठेवा आणि त्याच्या पाण्याबाहेर राहिलेल्या भागावर वजनं ठेवत जा. लाकूड नेमकं पाण्याखाली जाईल तेवढं वजन लिहून घ्या. समजा १.३ किलो लागलं. ग्रॅनाइटचं पाण्याखालचं वजन कोरड्याच्या सुमारे ६३ टक्के भरतं, म्हणजे दगड २.१ किलोचा हवा. ८ × १० इंच, १८ मिमी जाडीचा तुकडा २.४ किलोच्या आसपास भरतो. काम झालं, वर मातीचा भार येणार तो वेगळा.

जोडणी अशी. ग्रॅनाइटला हिऱ्याच्या बिटने, पाणी सोडत, ६ मिमीची दोन भोकं पाडा. एकाच स्क्रूवर लाकूड फिरतं, म्हणून दोन. लाकडात आधी ३ मिमीचं भोक, मगच ५ मिमीचा स्टेनलेस स्क्रू, नाहीतर स्पायडरवूड उभं चिरतं. स्क्रू एसएस ३०४ चा. साधा झिंकचा मुलामा दिलेला स्क्रू गंजतो. स्क्रूचं डोकं फरशीच्या खाली उघडं राहता कामा नये, कारण मग लाकूड-फरशीचा सगळा भार तळाच्या काचेवर त्या एकाच बिंदूवर येतो. फरशीखाली ३ मिमी फोमची पट्टी घाला.

फरशी थेट टाकीच्या तळावर, फोमवर. मातीवर नाही. मातीवर बसवलेलं जड लाकूड सहा महिन्यांत खचतं आणि खालची माती दबून चिखल होते.

पुणेरीपाणी

लाकूड उकळण्याबद्दल लिहिलं नाहीत. दीड-दोन तास उकळल्याशिवाय लाकूड टाकीत घालूच नये, बुरशी, अळ्या, सगळं मरतं.

खोलपाणी

मावणारं असेल तर जरूर उकळा. पण १८ इंचाचं फांदलेलं लाकूड घरातल्या कुठल्याच पातेल्यात पूर्ण बुडत नाही. अर्धं उकळून अर्धं तसंच राहिलं तर उपयोग काय? शिवाय स्पायडरवूडच्या काडीएवढ्या फांद्या जास्त उकळल्या की मऊ पडतात आणि वर्षभरात गळायला लागतात. माझं मत: नायलॉनच्या ब्रशने घासा, साल आणि भुसभुशीत भाग चाकूने खरवडून काढा, उकळतं पाणी तीन-चार वेळा सगळीकडून ओता आणि दोन आठवडे टबात भिजवा. दर दोन दिवसांनी पाणी बदला. साबण नाही, ब्लीच नाही. अंगठ्याचं नख जिथे सहज रुतेल तो भाग कुजलेला, तो काढूनच टाका.

पुणेरीपाणी

बारीक फांद्यांचं पटलं. मलेशियन किंवा मोपानीसाठी उकळण्याचा मुद्दा मात्र सोडत नाही. भिजवणीत उतरायला आठवडा लागेल तो त्यांचा रंग उकळल्यावर एका दुपारी उतरतो.

खोलपाणी

मान्य.

भिजवणीनंतर मी 'डार्क स्टार्ट' सुचवेन. ३ ते ४ आठवडे टाकीत फक्त लाकूड, दगड, टाकीसाठीची दाणेदार पोषक माती म्हणजे अ‍ॅक्वासॉइल, पाणी आणि चालू फिल्टर. दिवा बंद, वनस्पती नाहीत. नवी अ‍ॅक्वासॉइल सुरुवातीला अमोनिया सोडते, तो खाऊन जिवाणू वाढतात. उजेड नसल्याने शेवाळ डोकं वर काढत नाही. लाकूड त्याच काळात पाणी पितं आणि बुरशीचा जोरही ओसरतो. मातीचा हिशोब सोपा: तळ ६० × ३० सेंमी, सरासरी जाडी ५ सेंमी, म्हणजे ९ लिटरची एक पिशवी. पुढे ३ सेंमी, मागे ७. मागची उंची टिकावी म्हणून मातीखाली लाव्हारॉकचे तुकडे जाळीच्या पिशवीत भरून ठेवा.

एक गोष्ट इथे अडते. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी मऊ असतं. अ‍ॅक्वासॉइल त्यातला उरलासुरला केएच (पीएच स्थिर ठेवणारा कार्बोनेट जडपणा) खाऊन टाकते, पीएच ६ च्या खाली जातो आणि जिवाणू मंदावतात. तीन आठवडे झाले तरी अमोनिया उतरत नाही तो बहुतेक यामुळे. केएच मोजा. शून्यावर असेल तर ५० लिटरला दीड ग्रॅम खाण्याचा सोडा, त्याने केएच साधारण १ ने वाढतो. बोअरवेलचं पाणी असेल तर ही अडचण येत नाही, पण तिथे जडपणाच इतका असतो की अर्धं आरओ मिसळावं लागतं.

अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात तो) दोन्ही शून्य दिसले की ९० टक्के पाणी काढा आणि मग लावणी.

कौलारू

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी थायोसल्फेटचे खडे घेतले आहेत. अंदाजाने चिमूटभर टाकतात तेवढं पुरे का?

पुणेरीपाणी

अंदाज नको, द्रावण करा. १० ग्रॅम खडे घ्या आणि पाणी घालून एकूण १०० मिली करा. १० लिटरच्या बादलीला त्यातले २ मिली. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त आला तर ३ मिली. सिरिंज औषधाच्या दुकानात मिळते. बाटली गडद घ्या आणि द्रावण दर महिन्याला नवीन करा.

मत्स्यगंधा

लावणीबद्दल मी लिहिते.

अशा टाकीत निम्म्याहून जास्त वनस्पती लाकडावर लागतात, मातीत नाही. सीओटू (वेगळा कार्बन डायऑक्साइड वायू) सोडावा लागू नये अशी यादी: अनुबियास नाना पेटीट ५ गड्ड्या, जावा फर्न ट्रायडंट ३, बुसेफालँड्रा ६–७ तुकडे, मूठभर मॉस. मातीत क्रिप्टोकोरीन वेंडटी ६ रोपं लाकडाच्या बुंध्याशी आणि पुढच्या भागात क्रिप्टोकोरीन पार्वा किंवा मार्सिलिया. पार्वा फार सावकाश वाढते, पहिल्याच दिवशी पुरेशी लावा.

अनुबियास, फर्न आणि बुसेफालँड्राचं आडवं जाड खोड मातीत गाडायचं नाही. गाडलं की आधी खोड मऊ होतं, मग पानं बुडखापासून सुटून तरंगतात. हात लावला तर वास येतो. गड्डी घ्या, जुनी लांब मुळं दोन सेंमीवर छाटा, खोडाच्या खालच्या बाजूला सुपरग्लू जेलचा मुगाच्या दाण्याएवढा थेंब लावा आणि लाकडाच्या खाचेत दहा सेकंद दाबून धरा. पातळ फेविक्विक ओघळतं, म्हणून जेलच बरं. लाकूड टिपून घ्या, फार ओलं असेल तर गोंद लगेच पांढरा पडतो आणि धरत नाही. खाच मोठी असेल तर कापसाचा छोटा बोळा भरून त्यावर पातळ ग्लू सोडा, दगडासारखं घट्ट होतं. पण कापूस आणि सुपरग्लू एकत्र आले की चांगलेच तापतात आणि धूर निघतो. बोटाने दाबू नका, चिमटा घ्या, खिडकी उघडी ठेवा.

मॉसमध्ये लोक हमखास चुकतात. जाड गादीसारखं बांधतात. वरचा थर हिरवा दिसतो, खालच्याला उजेड आणि पाणी मिळत नाही, तो तपकिरी होऊन कुजतो आणि दोन महिन्यांत अख्खा पापुद्रा सुटून येतो. कात्रीने मॉस १ सेंमीचे तुकडे करा आणि मधून लाकूड दिसेल इतका विरळ पसरा. मासे पकडायच्या ०.१ मिमी नायलॉन दोऱ्याने दर सेंमीला एक वेढा द्या. जावा मॉस लाकडाला घट्ट चिकटत नाही, त्यामुळे सुती दोरा कुजून गेला की तेही सुटतं. ख्रिसमस मॉस बऱ्यापैकी धरतं.

जागा वाटताना उजेड बघा. दिव्याजवळच्या फांद्यांवर मॉस. अनुबियास मधल्या, सावलीच्या बाजूला, कारण त्याची पानं इतकी सावकाश येतात की भर उजेडात त्यावर हिरवे ठिपके हमखास बसतात. क्रिप्टोकोरीन फांद्यांखाली. लावल्यावर दोन आठवड्यांत तिची पानं विरघळतील. मुळं उपटून बघू नका, नवी पानं येतात.

सगळं लावेपर्यंत हातात पाण्याची फवारणी बाटली ठेवा. दर पाच मिनिटांनी फवारा. मॉस वीस मिनिटांत वाळतं.

विदर्भवासी

पुण्या-मुंबईचं ठीक, आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४४–४५ अंश. टाकीचं पाणी ३२–३३ वर जातं. ही यादी टिकेल का?

मत्स्यगंधा

अनुबियास आणि जावा मॉस ३० पर्यंत तग धरतात. ख्रिसमस मॉस २८ च्या वर कुरकुरतं, तुमच्याकडे ते वगळा. पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा वारा मारणारा १२ व्होल्टचा छोटा पंखा लावा. तापमान २ ते ४ अंश उतरतं, आणि हवा कोरडी असल्याने विदर्भात तो मुंबईपेक्षा जास्त उपयोगी पडतो. पाणी मात्र भराभर उडतं. भर घालायची ती आरओच्या पाण्याने. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागे राहतात, वरून रोज बोअरचं पाणी घातलं तर महिन्याभरात जडपणा कुठच्या कुठे जातो.

दिवा उन्हाळ्यात संध्याकाळी ५ ते ११ लावा, दुपारच्या उष्णतेत भर नको. लोडशेडिंग असेल तर बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात ठेवाच. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा डबाबंद फिल्टर) चार-पाच तासांहून जास्त बंद राहिला तर चालू करण्याआधी आतलं पाणी ओतून टाका, ते सडलेलं असतं.

कौलारू

लाकडावर पांढरा, शेंबडासारखा थर आला आहे. पाणीही पिवळं. काही बिघडलंय का?

खोलपाणी

नाही. लाकडातली साखर बाहेर येते, त्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात. साखर संपली की थरही संपतो, साधारण ३–४ आठवडे. पाणी बदलताना जुन्या दातब्रशने घासत बाजूलाच नळी धरून ओढून घ्या. मॉसवर चढला असेल तर मात्र वाट बघू नका, तो मॉसला गुदमरवतो. चेरी कोळंबी आणि गोगलगायी तो आवडीने खातात. थर पांढरा असेपर्यंत काळजी नाही. लाकडाचा भाग काळा, मऊ पडला आणि सडलेल्या अंड्याचा वास आला तर आतून कुजतंय, तो भाग कापा.

पिवळेपणा टॅनिनचा, म्हणजे लाकडातून उतरणाऱ्या रंगद्रव्याचा. माशांना त्रास नाही, पण उजेड कमी पोचतो. नको असेल तर फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन किंवा प्युरिजेन (पाण्यातली सेंद्रिय घाण शोषणारे मणी). कार्बन महिन्याभराने बदला.

सह्यकडा

प्रवाहाबद्दल कोणी लिहिलं नाही. मोठ्या लाकडाच्या टाकीत खरी गोम तिथे आहे. लाकडामागे पाणी थांबतं, तिथे घाण साचते, आणि तिथूनच केसाळ काळं शेवाळ फांद्यांच्या कडांवर चढतं. ५० लिटरला ५००–६०० लिटर ताशी कॅनिस्टर घ्या. डब्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, स्पंज भरल्यावर बराच कमी होतो. पाणी बाहेर पडणारं टोक पुढच्या काचेला समांतर ठेवा, म्हणजे पाणी समोरून जाऊन लाकडामागून परत येतं. ओढणारी नळी त्याच बाजूला मागे. तपासायला माशांच्या खाण्याची चिमूट चुरून लाकडामागे सोडा. कण अर्ध्या मिनिटात हलले नाहीत तर टोक वळवा.

काळं शेवाळ आलंच तर हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात मिळतं ते बहुधा ६ टक्क्यांचं, लेबल वाचा आणि तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. फिल्टर बंद, सिरिंजने थेट शेवाळावर, एका वेळी टाकीत एकूण ३० मिलीच्या वर नाही. पाच मिनिटांनी फिल्टर चालू. दोन दिवसांत शेवाळ गुलाबी होऊन मरतं. पण प्रवाह सुधारला नाही तर परत येतं.

पुणेरीपाणी

मासे? दुकानदार लाकूड बघितलं की 'सकर' (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) गळ्यात मारतात.

मत्स्यगंधा

तो घेऊ नका. आज बोटाएवढा आहे, पुढे फुटाच्या वर जातो. मग लोक तो नदीत सोडतात आणि तिथे तो स्थानिक माशांच्या मुळावर येतो. ५० लिटरला १० एम्बर टेट्रा किंवा १२–१५ चिली रास्बोरा आणि १५ चेरी कोळंबी पुरे. ओटो (शेवाळ खाणारे छोटे मासे) हवेत तर ४, पण टाकी तीन महिने जुनी झाल्यावरच. नव्या टाकीत त्यांना खायला काही नसतं.

विदर्भवासी

जावा फर्नच्या जुन्या पानांवर काळे ठिपके आणि मग बारीक भोकं. उष्णतेमुळे?

मत्स्यगंधा

आधी पान उलटं करून बघा. मागे ओळीत तपकिरी पुटकुळ्या असतील तर ती बीजाणूंची आहेत, काही करू नका. पानाला केसाळ पिल्लं फुटली असतील तर तीही कापून लाकडाला लावता येतात. ठिपक्यांचं भोक होत असेल तर बहुधा पोटॅशियम कमी. ५० लिटरला अर्धा ग्रॅम पोटॅशियम सल्फेट आठवड्यातून एकदा, म्हणजे सुमारे ४.५ पीपीएम. कपभर टाकीच्या पाण्यात विरघळवून घाला. भोकं पडलेली पानं भरून येत नाहीत, ती बुडातून कापा आणि तीन आठवड्यांनी फक्त नव्या पानांकडे बघा.